गोळा उतरतोय

गोरेगाव, ता. सेनगाव
१२ ऑक्टोबर २०२४

शिवकन्या रामकिशन हिस,

पाकिटात आपट्याचं पान घातलंय. आज दसरा. सोनं धाकट्यानं थोरल्याला द्यायचं असतं, पन तू येनार न्हाईस म्हनल्यावर थोरलीनं काय हात बांधून बसावं का?

तू माझा फोन उचलत न्हाईस. दर रईवारी बाबांना करतीस, मी पल्याड बसून ऐकते. 'आई कशी हाय' म्हनून इचारतीस, ते 'बरी हाय' म्हनत्यात, तेवढ्यात तुमचं बापलेकीचं भागतं. नाशिकचा पत्ता त्यांच्याकडूनच घेतला. पत्राचं एक बरं हाय, मधी कोनी बोलनं तोडत न्हाई. तुझ्यापुढं माझं बोलनं कधी पुरं झालंय?

घरचं सांगते. सोयाबीन निघालं, खळं झालं. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पन ऐकत न्हाईत. शेजारच्या अमिनाबीकडं गाद्या भरायचं काम जोरात हाय, दिवाळी आली की साऱ्या गावाला आपली गादी टनक झाल्याचं आठवतं. तिचा पोरगा लतीफ आता हिंगोलीची जीप चालवतो.

माझ्याकडं बाया अजून येत्यात. हे तुला आवडनार न्हाई, पन लपवून काय करू. कुनाची बेंबी सरकली, कुनाच्या पोटात वायगोळा उठला, तर गोरेगावात अजून गोजरबाईचाच हात लागतो. तू तीन वर्सं शिकून नर्स झालीस. माझा हात चाळीस वर्सांचा हाय.

तब्येत बरी. जरा पोट सुटलंय, परकराची नाडी पुरंना झाली. अमिनाबी म्हनती, बसून खाताय म्हनून.

एक इचारायचं व्हतं. हितं एक बाई हाय, सत्तावन्नची. पाळी जाऊन सहा वर्सं झाली. तिच्या बेंबीखाली टनक लागून राहिलंय. दुखत न्हाई. तुझ्या पुस्तकात याला काय म्हनत्यात? तिच्यासाठी इचारलं.

गोजरबाई

गोरेगाव
२४ ऑक्टोबर २०२४

शिवकन्या,

ती बाई मी हाय. तुला कळलंच असंल, तू काही खुळी न्हाईस.

नागपंचमीला न्हाताना साबन लावून राहिले व्हते, तवा हाताखाली आलं. लिंबाएवढं. दुसऱ्या कुनाचं पोट असतं तर मी तिथंच सांगितलं असतं, वायगोळा हाय, सात दिवस येऊन जा. आपल्याच पोटाला तसं सांगता येईना. तरी केलं. एरंडीचं तेल लावून चोळलं. बेंबीवर दिवा ठेवून वर तांब्या उपडा घातला. तांब्या चांगला चिकटला, गोळा काही हलला न्हाई. पोळ्याला मोसंबीएवढा झाला. आता नारळाएवढा लागतो, आन् थोडं जेवलं की पोट भरतं.

बाबांना सांगितलं न्हाई. त्यांना सांगितलं की ते तुला सांगनार, आन् तू काय म्हनशील ते मला पाठ हाय.

काल दुपारी अमिनाबीला बोलावलं. म्हनलं, मी सांगते तसं तू चोळ, माझा हात मला बराबर पोचत न्हाई. तिनं पोटावर हात ठेवला आन् चटका बसल्यावानी काढून घेतला. म्हनली, "मेरे से नै होता, बाई. तुमी सपनाला चोळून राहिल्या व्हत्या तवा मी दारातच उभी व्हते."

तीन वर्सांत आपल्या घरात सपनाचं नाव कुनी काढलं न्हवतं. मी तिला म्हनले, जा तू. ती गेली, आन् जाता जाता म्हनली, शिवकन्याला कळवा न्हाईतर मी लतीफकडून कळवते. म्हनून हे लिहून राहिले. सपनाचं मी काही लिहिनार न्हाई. तुला सगळं माहीतच हाय.

आईला भेव वाटतंय असं समजू नको. मला फकस्त हे काय हाय ते जानून घ्यायचंय.

गोजरबाई

गोरेगाव
९ नोव्हेंबर २०२४

शिवकन्या,

तू बाबांना काय सांगितलंस ते तुझं तुला माहीत. रईवार नसताना फोन आला, ते बोलत बोलत अंगनात गेले, परत आले तवा तोंड उतरलेलं. मला एवढंच म्हनाले, "उद्या लतीफची पयली जीप." एकोनचाळीस वर्सांच्या संसारात या मानसानं मला कधी हुकूम सोडला न्हवता. मी मुकाट्यानं लुगडं बदललं.

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात नंबर लावला. डॉक्टर हाशिम म्हनून हायेत, पोरगंच हाय, तुझ्या वयाचं. मनात म्हनले, हे काय पोट बघनार.

आधी त्यानं हातच लावला न्हाई. नुसतं इचारत बसला. कधीपासून हाय, वाढतंय का, वजन उतरलं का, भूक कशी हाय, संडास साफ होती का, पाळी गेल्यावर पुन्यांदा कधी अंगावर गेलं का, घरात कुनाला कॅन्सर झाला व्हता का. एकेक लिहून घेई. मी चाळीस वर्सांत बायांना एकच इचारत आले, काल काय खाल्लं.

मंग म्हनतो, "मावशी, आधी लघवी करून या." मला रागच आला. म्हनलं, काहून? तर म्हनला, लघवीची पिशवी भरलेली असली की तीसुद्धा हाताला गोळ्यासारखीच लागते. शिवकन्या, मी संडासात जाऊन बसले आन् मला हसू आवरंना. मी किती बायांचा गोळा उतरवला, आन् त्यातला किती माझ्या हातानं उतरला आन् किती परसाकडं जाऊन आल्यावर, देव जाने.

परत आले, खाटल्यावर निजवलं. त्यानं दोन्ही हात एकमेकांवर चोळून गरम केले. ते बघून माझा जीव थाऱ्यावर आला. गार हात लावला की पोट आखडतं, हे मी तुला सात वर्सांची असताना शिकवलं व्हतं. गुडघे दुमडायला सांगितले. पयल्यांदा नुसतंच पोटाकडं बघितलं, मंग लांबच्या कडेनं हळू हळू दाबत आला, गोळ्यावर शेवटी. आन् पोट सोडून सारा वेळ माझ्या तोंडाकडं बघून राहिला. म्हनलं, तिकडं काय हाय? तर म्हनला, "दुखलं तर आधी तोंडावर दिसतं, मावशी. तुम्ही बायका बोलून सांगत नाही."

मोठा श्वास घ्यायला लावला. लिव्हर न्हाईतर पानथरी, तुमच्यात प्लीहा म्हनत्यात ती, वाढली असती तर श्वासासंगं खाली सरकली असती. सरकली न्हाई. मान उचलायला लावली. गोळा कातडीखालच्या मासात असता तर तसाच वर राहिला असता. तो आत लपला. वरून त्याची कड बोटाला लागली, खालून लागंना, म्हनजे मूळ ओटीपोटात. मंग बोटावर बोट आपटून टकटक केली, कनगीत दानं कुठवर हायेत ते बघतो तशी. कुशीवर वळवून पुन्यांदा टकटक. पोटात सुटं पानी हाय का ते बघत व्हता, म्हनला न्हाई. मी सारं इचारून घेतलं. त्यानंबी सांगितलं, कंटाळला न्हाई. आन् ते नागपंचमीचं लिंबू, म्हनला, लिंबू न्हवतंच, तवा नारळाचं नुसतं टोक वर आलं व्हतं.

वर सोनोग्राफीला गेले तर तिथली बाई म्हनती, पानी पिऊन पिशवी भरून या. एक म्हनतो रिकामी कर, दुसरी म्हनती भर. मोठी बाटलीभर पानी पिऊन दोन तास मी भिंतीला धरून उभी. बाबा आयुष्यात पयल्यांदा माझ्याकडं बघून हसले.

पडद्यावर निघालं ते असं. अंडाशयाची गाठ हाय, आत पानी हाय, मधी पडदे हायेत. पडदे हायेत म्हनून सिटी स्कॅन करायचं, गाठीचं एक रक्त तपासायचं, आन् ऑपरेशन नांदेडला.

'गाठ' म्हनल्याबराबर बाबांनी खुर्ची धरली. डॉक्टर म्हनला, "गाठ म्हणजे कॅन्सरच असं नसतं. पण नाहीच, असंही मी आज सांगणार नाही. काढून तपासल्यावर कळेल." मला त्याचा लई राग आला. मी हात ठेवला की सांगत आले, आन् ह्यो एवढी मशीनं घेऊन म्हनतो, अजून कळत न्हाई.

नांदेडची तारीख दोन डिसेंबर दिलीय. मी जानार न्हाई. वाढून वाढून किती वाढंल?

आई

गोरेगाव
२२ नोव्हेंबर २०२४

शिवकन्या,

मी काल औंढ्याला जाऊन आले. नागनाथाच्या दर्सनाला, असं घरी सांगितलं. दर्सनबी घेतलं. पन गेले व्हते सपनाकडं.

लिहिनार न्हाई म्हनले व्हते, आता लिहिते. तीन वर्सांमागं सपना माझ्याकडं आली तवा लगनाची पोर व्हती, तुझ्या वर्गातली, आपल्या घरात वाढल्यावानी. ओटीपोटात दुखतंय म्हनली. मी हात लावला, टनक लागलं, म्हनले वायगोळा. सहा हप्ते चोळलं. तू दिवाळीला आलीस, तिला बघितलंस आन् म्हनलीस, आई, हिची सोनोग्राफी कर. ओसरीवर बाया बसलेल्या. मी त्यांच्यादेखत म्हनले, कालची पोरगी मला पोट शिकवती. बाया हसल्या. मीबी हसले. तुझं तोंड मला अजून दिसतं.

पुढं आठ दिवसांनी सपना खाली पडून वरडाय लागली. गाठीला पीळ पडला व्हता. नांदेडात एका बाजूचं अंडाशय काळं पडलेलं निघालं, ते काढलं. तू दारात उभी राहून म्हनलीस, "आई, आजपासून तुझ्या हाताला मी हात लावनार न्हाई." आन् पिशवी उचलून गेलीस. मी साऱ्या गावाला सांगितलं, पीळ काय आपनहून पडत न्हाई का? डॉक्टर हाशिमला मी मुद्दाम इचारलं. म्हनला, आपोआपही पडतो. मला जरा बरं वाटलं. मंग म्हनला, "पण सहा आठवडे आधी कळलं असतं तर कदाचित नुसती गाठ काढून भागलं असतं." हे मागच्या पत्रात मी लिहिलं न्हवतं.

सपनाचं सासर देवळाजवळ, फुला-नारळाचं दुकान. मला बघून उठली, पाट दिला, पानी दिलं. मांडीवर वर्साची लेक. एका बाजूनंबी लेकरू होतं, बघ. मी काय बोलावं ते गोरेगावपासून घोकत गेले व्हते, सारं इसरले. पोटावर हात ठेवून म्हनले, "मलाबी झालंय. तुझ्यासारखंच."

तिनं लेकीचं झबलं सरळ केलं. मंग म्हनली, "मावशी, तुमच्या हाताचा मला राग न्हाई. मी दुखतंय म्हनत व्हते आन् तुमी उतरतोय म्हनत व्हत्या. सहा हप्ते. शेवटी मलाच वाटाय लागलं, मी खोटं बोलून राहिले का काय. त्याचा राग हाय."

मी तिथं दुकानात बसून रडले. लोक नारळ घेत व्हते आन् मी रडून राहिले. तिनं लेक माझ्या मांडीवर दिली आन् म्हनली, "शिवकन्यानं मला सांगितलंय सारं. नांदेडला जा. तुमी स्वतःला तरी चोळत बसू नका."

म्हनजे तुमी दोघी बोलता. आन् माझ्याबद्दल बोलता. बरं झालं.

मी जानार हाय. दोन तारखेला भरती, चारला ऑपरेशन. तू ये असं म्हनत न्हाई, तुझी ड्युटी असंल. मला लई भेव वाटतंय. मागं समजू नको म्हनले व्हते, आता समज.

आई

नांदेड, दवाखाना
८ डिसेंबर २०२४

लेकरा,

तू काल गेलीस आन् आज मी लिहाया बसले. बाजूच्या खाटेवरची बाई म्हनती, लेक एवढी चार दिवस हितं व्हती तवा काय तोंडाला कुलूप व्हतं? तिला काय सांगू.

तू इथनं निघाल्यावर मोठ्या डॉक्टरीनबाई येऊन गेल्या. मी इचारलं, गाठ केवढी निघाली? म्हनल्या, तीन किलो. फोडली का? म्हनल्या, अजिबात नाही, अख्खी काढली. आत काय हाय ते ठावं नसताना फोडली आन् वंगाळ निघाली तर सारीकडं सांडती, म्हनून. पोट मोठं कापलं ते त्याच्यासाठी. आन् मी ती दिवसातून दोनदा तेल लावून रगडत व्हते.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आलाय, पन त्या म्हनल्या, एवढ्यावर निकाल लागत न्हाई. गाठ तपासाया गेलीय, पंधरा-वीस दिवस लागतील. आता वाट बघायची.

तुला एक इचारते, खरं सांग. चार तारखेला सकाळी तू आलीस, पिशवी खाली ठेवलीस, माझ्याशी एक सबद बोलली न्हाईस. केसपेपर वाचलास, सलाइन बघितलंस, बाबांना चहा प्यायला पाठवलंस. मी म्हनले, आली ती नर्स आली, लेक न्हाई आली. मंग तू खाटेच्या उजव्या अंगाला उभी राहिलीस आन् दोन्ही हात चोळून गरम केलेस. तुझं तुला कळलं का, तू तसं करून राहिलीस ते? माझ्या पोटावर हात ठेवलास. माझ्या ज्या हाताला हात लावनार न्हाई म्हनली व्हतीस, तो हात मी लुगड्याखाली लपवून ठेवला व्हता. तू दुसऱ्या हातानं तो शोधून काढलास.

माझ्या तोंडाकडं बघून इचारलंस, "आई, दुखतंय का?"

जल्मभर कुनी इचारलं तर मी न्हाईच म्हनत आले. त्या दिवशी व्हय म्हनले. तू म्हनलीस, "बरं." एवढंच. मला ते लई झालं. तुला खरं वाटलं म्हनून.

आई

गोरेगाव
२९ डिसेंबर २०२४

माझ्या लेकरा,

रिपोर्टचं फोनवर सांगितलंच. तरी लिहिते, लिहिल्यावर जास्त खरं वाटतं. कॅन्सर न्हाई. डॉक्टर हाशिमनं कागद दोनदा वाचला, बाबांनी तिसऱ्यांदा वाचाया लावला. फकस्त दाखवाया येत राहायचं. दवाखान्याबाहेर लतीफनं जिलेबी घेतली आन् जीपमधल्या साऱ्यांना वाटली. कुनाला पोरगं झालं म्हनून लोक इचारून राहिले, बाबा म्हनाले, हिला तीन किलोचं झालं. या मानसाला म्हातारपनी तोंड फुटलंय. अमिनाबीनं मला नवी गादी भरून दिलीय, पैशाचं नाव काढू देत न्हाई.

तू फोन उचलतीस, तरी हे पत्र काहून, तर एक गोष्ट फोनवर तीनदा तोंडापर्यंत आली आन् गिळली. सपनाच्या वेळी तू बराबर व्हतीस. माझं चुकलं. चार बायांत तुला हसले ते त्याहून चुकलं. मला तवाबी आत कुठंतरी ठावं व्हतं, की हाताला लागतंय ते वाऱ्याचं न्हाई. पन गोजरबाईला कळत न्हाई असं कसं म्हनायचं, चाळीस वर्सांत ते एक मला म्हनताच आलं न्हाई. हे पत्र सपनाला वाचून दाखव.

आता कालचं सांगते. खालच्या आळीची मंजुळाबाई आली. तिला म्हाईत न्हाई का माझं ऑपरेशन झालंय ते, तरी आली. म्हनली, पोटात गोळा उठलाय, तेल घेऊनच आले. मी म्हनले, तेल ठेव बाजूला, आधी लघवी करून ये. ती माझ्याकडं बघतच राहिली. आली परत. निजवलं, गुडघे दुमडले. माझे टाके अजून ओढत्यात, पन हात चोळून गरम केले. कधीपासून हाय, वाढतंय का, अंगावर जास्त जातं का, सारं इचारलं. मंग हळू हात ठेवला, चोळला न्हाई, आन् तिच्या तोंडाकडं बघितलं. शिवकन्या, तोंडावर खरंच दिसतं. मी इतकी वर्सं भलतीकडंच बघत व्हते.

लागलं हाताला. टनक, मुठीएवढं.

ती म्हनली, "उतरंल ना, गोजरबाई?"

माझ्या जिभेवर 'उतरतोय' आलंच व्हतं, सवय हाय. मी ते आवरलं. म्हनले, "मंजुळा, मला कळत न्हाई."

तिचं तोंड पडलं. तवा मी तिचा हात धरला आन् म्हनले, पन ज्यांना कळतं त्यांचा दवाखाना मला ठावं हाय, उद्या लतीफची पयली जीप, मी संगं येते. बाबा ओसरीवर ऐकत व्हते. त्यांनी उठून लतीफला हाक मारली, दोन जागा ठेव म्हनून.

तुझी आई